स्वतःचं मत नसलेला

वाकडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली तो असतो. उंची सव्वा फूट. चौकोनी पाइपचे दोन उभे पाय, त्यांना खालून जोडणारी आडवी पट्टी, आणि अंगावर लेथ मशीनला मारतात तो हिरवा रंग. खांद्याच्या जागी दोन्हीकडे दोन-दोन छोटी बेअरिंगं शेजारी शेजारी, त्या जोड्यांच्या मधल्या खाचेत आडवा ठेवलेला पोलादी शाफ्ट, आणि शाफ्टवर एकमेकांकडे तोंड करून बसलेले दोन शंकू. संपला तो. मोटर नाही, आकडे दाखवणारी काच नाही, प्लगसुद्धा नाही. नव्याने राहायला आलेल्यांना ते कुणाच्या तरी व्यायामाचं मोडकं सामान वाटतं. सेक्रेटरींनी एकदा भंगारवाल्याला बोलावलंही होतं. भंगारवाल्याने तो उचलून वजन पाहिलं आणि भाव सांगितला, तो ऐकून सेक्रेटरींचाच उत्साह गेला.

हा मोटारसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग करणारा स्टँड. त्याला विचारता येतो एकच प्रश्न: या चाकाची कुठली बाजू जड आहे? उत्तर द्यायची त्याची पद्धतही ठरलेली. गाडीतून काढलेलं चाक शाफ्टवर घ्यायचं, दोन्हीकडून शंकू सरकवून एक्सलच्या भोकात घट्ट बसवायचे, ग्रब स्क्रू आवळायचे आणि शाफ्ट बेअरिंगांवर अलगद ठेवायचा. मग बोटाने नुसता स्पर्श करायचा. आठ-दहा किलोचं चाक असल्या स्पर्शाने फिरायला लागतं, हेच पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. ते सावकाश फिरतं, मंदावतं, थांबलंसं वाटतं आणि उलटं वळतं. पुन्हा थांबतं, पुन्हा सुलटं येतं. झोके लहान लहान होत जातात आणि शेवटी एक जागा खाली जाऊन ठरते. तीच जड बाजू. तिच्या बरोबर समोर, म्हणजे अगदी वर, खडूची खूण करायची. चाक पाव फेरा फिरवून सोडायचं. खूण पुन्हा वरच आली पाहिजे. आणखी पाव फेरा, पुन्हा तेच.

खूण सापडली की हलक्या बाजूला किती वजन लावायचं ते पाहायचं. तयार वजनांच्या चिकटपट्ट्या मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांच्या. पण त्या एकदा चिकटवल्या की काढताना गोंद हातालाच जास्त लागतो, म्हणून अंदाज घ्यायला आम्ही नाणी वापरतो. 2011 च्या मालिकेतल्या रुपयाचं वजन 3.79 ग्रॅम, दोनचं 4.85, पाचचं बरोबर 6 आणि दहाचं 7.71 ग्रॅम. टांकसाळीने इतकं नेमकं काम करून ठेवलेलं असताना वेगळी मापं कशाला आणायची? कागदी टेपने दहाचं नाणं रिंगच्या आतल्या बाजूला डकवायचं, चाक खूण आडवी येईल असं धरायचं आणि सोडायचं. खूण वर चढली, नाणं कमी पडलं. खाली आली, जास्त झालं. एक दहा आणि एक रुपया मिळून साडेअकरा ग्रॅम होतात आणि चाक खूण जिथे ठेवाल तिथे राहतं. घड्याळात तीन वाजता, नऊ वाजता, मधेच कुठेही. मग रिंगची ती जागा पेट्रोलच्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, दहा ग्रॅमची पट्टी दाबून बसवायची आणि नाणी खिशात घालायची. उरलेला दीड ग्रॅम कुणाच्या हँडलला कळत नाही.

‘साहेब, टूव्हीलरचं बॅलन्सिंग कोण करतं?’ हे वाक्य टायरच्या दुकानात हमखास ऐकू येतं आणि त्यात तथ्य नाही असं नाही. संध्याकाळी सात वाजता भूमकर चौकात चाकाला वीट बांधली तरी कळणार नाही. कळायला वेग लागतो. सतरा इंची रिंग, रिंगवर एका बाजूला वीस ग्रॅम जास्त, आणि गाडी ताशी शंभर. चाक सेकंदाला जवळपास पंधरा फेरे घेतं आणि त्या वीस ग्रॅमची बाहेरची ओढ पावणेचार किलोच्या घरात जाते. ताशी पन्नासला हीच ओढ एक किलोसुद्धा भरत नाही, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून हिंजवडीला ऑफिसला जाणाऱ्याची गाडी वर्षभर शहाण्यासारखी वागते आणि रविवारी जुन्या हायवेने लोणावळ्याला निघाली की देहूरोडच्या पुढे हँडल थरथरायला लागतं. लोक आधी हेडसेट बदलतात. मग शॉकअप. मग गाडी विकायचं मनात येतं.

वाकडसारख्या ठिकाणी या गोष्टीकडे दुर्लक्ष व्हावं ही मौजच आहे. इथून आकुर्डी हाकेच्या अंतरावर. बजाजच्या त्या कारखान्यातून एका अख्ख्या पिढीच्या स्कूटर बाहेर पडल्या. चाकणला बजाजचा दुसरा कारखाना, त्याने 2001 पासून पल्सर दिली, पुढे केटीएमच्या गाड्याही तिथेच बनायला लागल्या. चिंचवडमध्ये एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना. फिरणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत एवढा अधिकार असलेला दुसरा पट्टा देशात शोधावा लागेल. तरी टायर बदलला, हवा भरली, चालू पडा, हाच रिवाज.

आता हा स्टँड आमच्याकडे कसा आला ते. त्याच्या जागी येऊ पाहणारे उमेदवार बरेच होते. पहिला उमेदवार फुकटचा: गाडीचाच एक्सल चाकात घालायचा आणि दोन स्टुलांवर टेकवायचा. चाक फिरतं, थांबतंही. पण ते स्वतःच्या बेअरिंगांवर फिरतं, त्या बेअरिंगांत ग्रीस भरलेलं असतं आणि बाहेरून धूळ अडवणारं रबरी सील एक्सलला घासत असतं. चाक थांबतं ते जडपणामुळे नव्हे, सीलला वाटतं म्हणून. चार वेळा विचारा, चार उत्तरं मिळतात. दुसरा उमेदवार टायरच्या दुकानातलं मोटारींचं मशीन. रुबाब मोठा, आकडे लाल दिव्यांत. पण त्याचा शाफ्ट मोटारीच्या चाकातल्या मोठ्या भोकासाठी केलेला, मोटारसायकलचं चाक त्यावर वेगळा अडॅप्टर असल्याशिवाय चढत नाही, आणि तो अडॅप्टर दुकानात असेलच असं नाही. तिसरा उमेदवार टायरच्या आत ओतायचे बारीक मणी, जे फिरताना म्हणे आपोआप योग्य जागी जाऊन बसतात. बसतही असतील. पण चाक थांबलं की ते खाली गोळा होतात, म्हणजे तपासायची वेळ आली की साक्षीदार पळालेले. मला असला व्यवहार पसंत नाही.

चौथा म्हणजे ऑनलाइन मिळणारा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड, लाल किंवा निळ्या रंगात, पेटीसकट. यात वाईट काही नाही. खरेदी करणाऱ्याने मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली शाफ्टची जाडी. त्यातले पुष्कळ मोठ्या परदेशी गाड्यांसाठी केलेले असतात, शाफ्ट 12 मिलिमीटरचा. आपल्याकडच्या लहान गाड्यांच्या एक्सलचं भोकच कित्येकदा 12 चं असतं, त्यात तो शिरत नाही किंवा ठोकून शिरवावा लागतो, आणि ठोकलेल्या शाफ्टवर बॅलन्सिंग करण्यापेक्षा नारळ फोडलेला बरा. आपल्याला 10 चा शाफ्ट लागतो. दुसरी गोष्ट बेअरिंग. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग दिसायला सुबक, टिकाऊही, पण इथे चालत नाही. इथे उघडं बेअरिंग पाहिजे, रॉकेलने किंवा पेट्रोलने आतलं ग्रीस धुऊन काढलेलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिलेलं. ते फिरताना कुरकुरतं, आवाज करतं. करू दे.

निवड करायची ती याच एका कसोटीवर. चाकातला दोष जेवढा, त्याहून साधनाचा स्वतःचा हट्ट पुष्कळ कमी असला पाहिजे. पाच ग्रॅम शोधायचे असतील आणि बेअरिंगचा अडेलपणाच दहा ग्रॅमचा असेल, तर समोर दिसतं ते चाकाचं वजन नसतं, बेअरिंगचं मत असतं. रंग, पेटी, कंपनीचं नाव यांतून यातलं काहीच कळत नाही.

आमचा स्टँड विकतचा नाही, भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये जन्मलेला आहे. वर्कशॉप चालवणारे काका आयटीआय करून टेल्कोत अप्रेंटिस होते. कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं त्याला जमाना लोटला, काका अजून टेल्कोच म्हणतात. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. त्यांनी ते अर्धं पाहिलं आणि मला आत टूलरूममध्ये नेलं. सरफेस ग्राइंडरच्या शेजारी बिडाचा एक ठोकळा होता, वर फिरत्या चकत्यांच्या दोन जोड्या आणि त्यांवर मँड्रेलला लावलेला ग्राइंडिंगचा दगड. ‘हाच ना?’ म्हणाले.

हाच. ग्राइंडिंगचा दगड एका बाजूला जड असला तर जॉबवर लाटा उमटतात, म्हणून नवा दगड लावण्याआधी तो अशाच स्टँडवर घेतात. दगडाच्या फ्लँजमध्ये गोल खाच असते, तिच्यात सरकणारे छोटे ठोकळे असतात, ते मागेपुढे करून दगड कुठल्याही जागी स्थिर राहील असा करायचा. भोसरी, चाकण, तळवडे, जिथे ग्राइंडर आहे तिथे हे काम रोजचं. मोटारसायकलवाले ज्याला हौशी लोकांचं खेळणं समजतात, त्याचा सख्खा चुलत भाऊ या पट्ट्यातल्या टूलरूममध्ये पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला आहे. फिरवून मोजणारी मोठी मशीनं याच घराण्याची थोरली पाती. तिकडे जर्मनीत डार्मस्टाटच्या शेंक कंपनीने 1908 च्या सुमारास तसल्या मशीनचे हक्क घेतले आणि तोच धंदा पुढे वाढवला. आमचा हिरवा मात्र धाकट्या, गरीब शाखेतला. त्याला गुरुत्वाकर्षण पुरतं.

काकांनी 10 मिलिमीटरचा ब्राइट बार घेतला, टेबलावर लोळवून डोळ्याने पाहिला, नापसंत केला, दुसरा घेतला. शंकू लेथवर एकाच चकिंगमध्ये काढले, म्हणजे भोक आणि उतार एकाच वेळी, जॉब चकमधून न सोडता. सोडून पुन्हा पकडला की मध्य हलतो. मी म्हटलं, थोडा हलला तर काय बिघडतं? त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. ‘थोडा म्हणजे किती ते सांगा.’ घरी येऊन हिशेब केला. आठ किलोच्या चाकाचा मध्य एक दशांश मिलिमीटरने सरकला, तर सतरा इंची रिंगवर जवळजवळ चार ग्रॅमचं खोटं वजन दिसतं. वहीच्या पानाइतक्या जाडीने एवढं होतं. त्यानंतर काकांना मी ‘थोडं’ हा शब्द वापरलेला नाही.

बेअरिंगं मुलीच्या लहान झालेल्या स्केट्समधली. नंबर 608: आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. जगभर स्केट्सला हाच नंबर लागतो, आणि 2017 साली शाळाशाळांतून मुलांच्या बोटांवर गरगरणाऱ्या त्या स्पिनरच्या पोटातही हाच असायचा. चार बेअरिंगांच्या वर शाफ्ट नुसता पडून राहतो, कुठे अडकवलेला नाही. बारीक शाफ्ट मोठ्या बेअरिंगच्या पाठीवर लोळतो तेव्हा घर्षण आणखी कमी होतं. दोन ग्रॅमचा तुकडा चिकटवला तरी चाक विचार करून का होईना, वळतं.

आता त्याचा प्रामाणिकपणा. साधनावर विश्वास ठेवायचा तर आधी त्याची उलटतपासणी घ्यावी, आणि हा गडी तिला हसत उभा राहतो. चाकाची जड बाजू सापडली की शंकू सैल करायचे, चाक तसंच ठेवून शाफ्ट आणि शंकू अर्धा फेरा फिरवायचे, पुन्हा आवळायचे आणि तोच प्रश्न परत विचारायचा. जड जागा चाकाबरोबर राहिली तर दोष चाकाचा. जागा शाफ्टबरोबर फिरली तर दोष स्टँडचा. दुसऱ्याच्या चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात. स्वतःची चूक कशी पकडायची हे सांगून ठेवणारा मला हा एकच भेटला, तोही भंगाराच्या भावाचा.

काही गोष्टी त्याला सहन होत नाहीत. वारा पहिला. पार्किंगच्या दोन्ही तोंडांतून दुपारनंतर झुळूक येते, चाकाच्या आऱ्यांना लागते आणि ते आपणहून फिरतं, म्हणून काम सकाळी. दुसरी गोष्ट पंक्चर टाळायला ट्यूबलेस टायरमध्ये भरतात ते हिरवट द्रव. तो चाकाबरोबर फिरत नाही, तळाशी जाऊन बसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तळ जड आणि प्रत्येक वेळी वेगळा. असलं चाक आलं की स्टँड हताश होतो, टायर खोलून आतली घाण पुसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसरी, मागच्या चाकाबरोबर स्प्रॉकेटचा सैल ड्रम तसाच आणणारे लोक. तो भाग रबरांवर नुसता बसलेला असतो, तो काढून ठेवायचा. पुढची डिस्क मात्र राहू द्यायची, ती चाकाशी बोल्टने बांधलेली आहे, चाकाचाच भाग आहे.

आणि एक गोष्ट त्याला मुळातच दिसत नाही. जडपणा वर आहे की खाली हे तो सांगतो, डावीकडे आहे की उजवीकडे हे नाही. चाकाच्या एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली सारखंच वजन जास्त असलं, तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. वेगात ते चाक मात्र डुलतं. हे फिरवून मोजणाऱ्या मशीनलाच कळतं. मोटारीचं चाक रुंद, तिथे हा दोष नडतो. मोटारसायकलचं चाक त्या मानाने अरुंद, म्हणून बहुतेक गाड्यांचं याच्यावर भागतं. मागे हातभर रुंद टायर असलेल्या गाडीचा मालक आला तर मी त्याला सरळ मशीनवाल्याचा रस्ता दाखवतो. रिंग आउट असेल, म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे जात असेल, तर पायाला एक तार बांधून तिचं टोक रिंगजवळ आणलं की तेवढं दिसतं. पण सरळ करणं हे त्याचं काम नाही. त्याला नुसतं बघायला ठेवलेलं आहे.

त्याच्यामुळे पार्किंगमध्ये रविवारी थोडी गर्दी होते. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं त्या दिवशी गाड्या बाहेर काढण्यात अर्थ नसतो, तेव्हा तर रांग लागते. एका आजोबांची जुनी बुलेट, तिला आरे असल्यामुळे वजनं रिंगला चिकटवायची नाहीत, आऱ्यांच्या बुडाशी निपलवर चिमटवायची. आजोबांकडे शिशाची जुनी वजनं होती, डब्यात जपलेली. युरोपीय संघाने मोटारींच्या चाकांवर शिसं 2005 पासून बंद केलं, आता जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिळतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे डबा बंद करून कमंडलूसारखा काखेत घेतला. ‘तुमच्या युरोपात बुलेट आधी बंद पडली, इथे चालू राहिली.’ यावर काही बोलता येत नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे. स्टँडला लागला त्या पैशात बाहेर कितीतरी वेळा बॅलन्सिंग झालं असतं. खरं आहे. बाहेर कोणी करून दिलं असतं तर.

नव्या टायरवरचा पिवळा ठिपकाही आता सोसायटीत सगळ्यांना ठाऊक झालाय. पुष्कळ कंपन्या टायरच्या हलक्या जागेवर तो मारतात. व्हॉल्व्हला थोडं वजन असतंच, म्हणून टायर चढवताना ठिपका व्हॉल्व्हजवळ आणायचा, निम्मं काम तिथेच होतं. पंक्चरवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं आणि टायर नेहमीसारखाच चढवला. पुढच्या वेळी ठिपका व्हॉल्व्हजवळ होता. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही.

सध्या अडलंय ते चौथ्या मजल्यावरच्या मुलाच्या गाडीमुळे. तिच्या पुढच्या एक्सलचं भोक एवढं मोठं की आपले शंकू त्यात आरपार जातात. मी भोसरीला फोन केला, म्हटलं, काका, मोठे शंकू करून द्या, भोक साधारण पंचवीसचं असेल.

‘साधारण नको,’ काका म्हणाले. ‘चाक काढा, ग्रीस पुसा, व्हर्निअर लावा, दोन्ही बाजूंनी माप घ्या आणि मग फोन करा. रविवारी करू नका, रविवारी मी गावाला असतो.’